बोट पुढे, लाट मागे



आपला मुलूख समुद्राचा. मांडव्याहून मुंबईला लाँच जातात, कॅटमरान जातात. २०२० सालापासून भाऊच्या धक्क्यावरून मोटारी घेऊन येणारी मोठी रो-रो बोटही मांडव्याला लागते. आगरदांडा ते दिघी जंगल जेटी चालते. राजपुरीहून जंजिऱ्याला शिडाच्या होड्या जातात. धरमतरच्या खाडीतून माल भरलेले बार्ज वर येतात. आणि या सर्वांच्या मधून आपल्या लहान होड्या जाळी घेऊन फिरत असतात.

बोट पाण्यातून जाते तेव्हा तिच्या मागे पाण्यावर एक खूण उमटते. जमिनीवर चालणाऱ्याचा माग राहतो, तसा हा पाण्यावरचा माग. तो आपण रोज बघतो. रोज बघतो म्हणूनच नीट बघत नाही. आज तो नीट बघू या. त्यात मौज आहे, आणि जिवाशी गाठही आहे.

एका मावशीचा प्रश्न

पुष्कळ वर्षांपूर्वीची गोष्ट. आम्ही तेव्हा शाळेत नोकरीला होतो. एकदा रेवसहून करंजाला जायला तरीत बसलो. होडी लहान. आम्ही आठ-दहा माणसे, दोन सायकली आणि मासळीच्या टोपल्या. पाणी अगदी शांत होते.

अर्ध्या वाटेवर एक मोठी बोट आमच्या बाजूने जोरात गेली. तशी ती लांबूनच गेली. पोरांनी हात हलवले. बोट दूर गेली आणि आम्ही सारे पुन्हा गप्पांत रमलो. एवढ्यात म्हातारे तांडेल ओरडले, "गुरुजी, खाली बसा! मावशी, टोपल्या धरा! लाट यायची हाय आजून!"

आम्हाला वाटले, म्हातारा उगीच घाबरतो. बोट तर केव्हाच गेली. पण नानांनी सुकाणू वळवायला घेतले होते. होडी पुरती वळली नाही तोच पहिली लाट कुशीत बसली. होडी एका अंगाला कलली. दुसऱ्या लाटेचे पाणी आत आले. एका मावशीच्या दोन टोपल्या बघता बघता खाडीत गेल्या. काठावर बसलेल्या तिच्या लहान मुलीला शेजारच्या माणसाने दंडाला धरून आत ओढले, म्हणून ती वाचली. तिसऱ्या लाटेपर्यंत नाळ, म्हणजे होडीचे पुढचे टोक, लाटेकडे वळली होती. मग होडी नुसती वर-खाली झाली आणि पाणी निवळले.

मावशीचा दिवसाचा धंदा पाण्यात गेला. ती रडली नाही. पोरीला पोटाशी धरून तिने विचारले, "नाना, बोट तर कवाच गेली. मग ही लाट आली कुठून?"

नाना म्हणाले, "बोट पुढं जाते, तिची लाट मागून येते. ती लांब राहणाऱ्याला उशिरा लागते, एवढंच."

नानांनी शाळा पाहिली नव्हती. पण त्यांचे उत्तर बरोबर होते. ते बरोबर का, हे समजायला आम्हाला मात्र पुस्तके उघडावी लागली. तेच आज तुम्हाला सांगतो.

लाट चालते, पाणी चालत नाही

भाताचे शेत पोटरीला आले आहे. वरून वारा गेला. शेताच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत एक लाट गेली. पण भाताचे रोप कोठे गेले काय? नाही. ते वाकले आणि पुन्हा उभे राहिले.

पाण्याचेही तसेच. पाण्यात नारळ तरंगत असला तर बघा. लाट आली की नारळ वर चढतो, लाट गेली की खाली उतरतो. लाट किनाऱ्याकडे जाते, पण नारळ जवळजवळ तेथल्या तेथेच डुलत राहतो. म्हणजे लाटेबरोबर पाणी फारसे जात नाही. जाते ते बळ. एका जागी पाण्याला दिलेला धक्का लाट दूरवर पोचवते.

हा धक्का आला कोठून? बोटीच्या इंजिनातून, किंवा वल्हे मारणाऱ्याच्या दंडातून. नाळ पाण्याला फाडते तेव्हा पाणी वर चढते. मग ते खाली पडते, पुन्हा वर येते. त्याची लाट होते. म्हणून जेवढी मोठी लाट, तेवढे आपले डिझेल पाण्याला वाटले असे समजावे. लाटेची उंची दुप्पट झाली तर तिच्यातले बळ दुप्पट नव्हे, चौपट होते. हा हिशेब लक्षात ठेवा.

झावळीसारखा माग

शांत पाण्यातून एक होडी जाऊ द्या आणि धक्क्यावर उंच उभे राहून बघा. मागात दोन जातींच्या लाटा दिसतील.

पहिल्या जातीच्या लाटा दोन्ही बाजूंना पसरतात. नारळाची झावळी आठवा. मधला दांडा म्हणजे होडीची वाट, आणि दोन्ही बाजूंची पाती म्हणजे या लाटा. दुरून बघितले तर सगळ्या मिळून एक बाण दिसतो. बाणाचे टोक होडीपाशी.

दुसऱ्या जातीच्या लाटा आडव्या असतात. या होडीच्या मागोमाग पायऱ्यांसारख्या एकीमागे एक येतात. होडीचा जो वेग तोच यांचा वेग.

बाणाच्या कडेवर या दोन्ही जाती एकमेकींना मिळतात. म्हणून लाट तेथे सर्वांत उंच असते. आमच्या होडीला लागली ती हीच कडेची लाट.

बाण सारखाच का?

आता एक नवल ऐका. तळ्यात पोहणारे बदक घ्या, वल्ह्याची होडी घ्या, नाही तर समुद्रातले मोठे जहाज घ्या. पाणी खोल असेल तर तिघांचा बाण सारखाच रुंद असतो. जहाजाचा बाण लांब असतो, लाटा मोठ्या असतात, पण कोन तोच. होडीच्या वाटेपासून एका बाजूला साडेएकोणीस अंश, दुसऱ्या बाजूला तेवढेच. दोन्ही मिळून ३९ अंश.

हे गणित १८८७ साली विल्यम थॉमसन या शास्त्रज्ञांनी मांडले. ते स्कॉटलंडमधील ग्लासगोच्या विद्यापीठात शिकवत. पुढे ते लॉर्ड केल्विन या नावाने प्रसिद्ध झाले. म्हणून शास्त्राच्या पुस्तकांत या मागाला केल्विन यांचे नाव आहे.

याचे मर्म एका गोष्टीत आहे. खोल पाण्यात लाटांचा घोळका हा त्यातल्या एकेका लाटेच्या निम्म्या वेगाने चालतो. तळ्यात मोठा दगड टाकून बघा. घोळक्याच्या मागच्या बाजूला नवी लाट उठते, ती घोळक्यातून पुढे सरकते आणि पुढच्या कडेला जाऊन मावळते. एकेक लाट पळते, घोळका मात्र मागे रेंगाळतो. आणि बळ असते ते घोळक्यात.

आता ओल्या वाळूत आकृती काढू. ४ हात लांबीची सरळ रेघ काढा. एका टोकाला 'अ' लिहा, दुसऱ्या टोकाला 'ब' लिहा. होडी अ पासून ब पर्यंत गेली असे समजा. ब पासून ३ हात मोजा आणि तेथे रेघेवर खुंटी ठोका. खुंटीला १ हात लांब दोरी बांधून वर्तुळ काढा. वर्तुळाची कड अ ला लागेल.

होडी अ पाशी असताना तिने ज्या लाटा उठवल्या, त्यांचे बळ होडी ब ला पोचेपर्यंत या वर्तुळावर येऊन पोचते. होडीच्याच वाटेने जाणारा घोळका बघा. होडी ४ हात गेली, घोळका निम्म्या वेगाने २ हातच गेला. वर्तुळाची पुढची कड बरोबर तेथेच आहे.

आता ब पासून वर्तुळाला जेमतेम चाटून जाणाऱ्या दोन रेघा ओढा. एक या बाजूने, एक त्या बाजूने. झाला आपला बाण तयार. होडी जोरात गेली तर अ-ब रेघ लांब होईल. पण वर्तुळही त्याच मापाने मोठे होईल, म्हणून बाण तोच राहील.

याला अपवादही आहे. आपल्या लांबीच्या मानाने फार जोरात पळणाऱ्या बोटीचा बाण अरुंद दिसतो. २०१३ साली फ्रान्समधील दोन संशोधकांनी आकाशातून घेतलेली बोटींची चित्रे मोजून हे दाखवले.

लाट केव्हा लागेल?

या आकृतीतून आपल्या कामाचा एक आडाखा निघतो. बोट आपल्यापासून जितक्या अंतरावरून जाते, त्याच्या जवळजवळ तिप्पट अंतर ती पुढे गेली, की तिची लाट आपल्याला लागते.

उदाहरण घेऊ. एक लाँच ताशी १८ किलोमीटर वेगाने चालली आहे. म्हणजे सेकंदाला ५ मीटर. ती आपल्या होडीच्या बाजूने २०० मीटरांवरून गेली. ती समोरून सुमारे ५६५ मीटर पुढे जाईल तेव्हा लाट आपल्यापाशी येईल. याला लागतात सुमारे ११३ सेकंद, म्हणजे जवळजवळ २ मिनिटे.

दोन मिनिटांत काय होते? हात हलवून होतात, गप्पा सुरू होतात आणि माणूस बोटीला विसरतो. लाट नेमकी तेव्हा येते. मावशीच्या प्रश्नाचे उत्तर हे असे आहे.

म्हणून उलट बाजूनेही विचार करा. ही दोन मिनिटे आपल्याला मिळालेली सवड आहे. तेवढ्यात होडी वळवता येते, पोर आत घेता येते, टोपली खाली ठेवता येते.

वेग वाढला म्हणजे

वेग दुप्पट केला तर मागच्या आडव्या लाटा चौपट लांब होतात. लाटेची लांबी म्हणजे एका लाटेच्या माथ्यापासून पुढच्या लाटेच्या माथ्यापर्यंतचे अंतर. ताशी ९ किलोमीटर वेगाला ते सुमारे ४ मीटर असते. ताशी १८ किलोमीटर वेगाला ते १६ मीटर होते.

आता १६ मीटर लांबीची लाँच ताशी १८ किलोमीटर वेगाने चालली तर काय होईल? बोट जेवढी लांब, तेवढीच तिची लाट लांब. एक माथा नाळेखाली, दुसरा माथा मागच्या टोकाखाली, आणि मध्ये खळगा. आणखी वेग दिला की मागची बाजू खळग्यात बसू लागते आणि नाळ वर उठते. बोट आपल्याच लाटेचा चढ चढू लागते. इंजिन ओरडते, डिझेल जळते, वेग मात्र थोडाच वाढतो. आणि मागची लाट भलतीच मोठी होते. तांडेल लोकांना हे इंजिनाच्या आवाजावरूनच कळते.

हलकी, जोरकस इंजिनाची स्पीडबोट हा चढ ओलांडून पाण्यावरून घसरत जाते. तेव्हा तिची लाट लहान होते. पण ती अर्धवट वेगात, नाक वर करून चालली तर सर्वांत मोठी लाट उठवते. म्हणून लहान होडीजवळून जाताना वेग अर्धवट कमी करून चालत नाही. नाक खाली येईपर्यंत तो कमी करावा. कॅटमरानचे दोन अरुंद सांगाडे पाणी कमी फाडतात, म्हणून त्याच वेगात तिची लाट पुष्कळदा लहान असते.

आपली बोट थांबली, तरी लाट थांबत नाही

१८३४ साली स्कॉटलंडमध्ये एडिंबरो शहराजवळ एका कालव्यातून घोडे एक बोट ओढत होते. जॉन स्कॉट रसेल नावाचे इंजिनिअर ते बघत होते. बोट एकदम थांबली. पण तिच्या पुढ्यात साठलेले पाणी थांबले नाही. त्याची एकच गोल उंचवट्यासारखी लाट झाली आणि ती कालव्यातून पुढे निघाली. उंची सुमारे एक ते दीड फूट. रसेल यांनी घोडा काढला आणि मैल दोन मैल तिचा पाठलाग केला. एवढ्या लांबपर्यंत ती लाट चालली होती.

यात आपल्यालाही एक धडा आहे. लहान इंजिनाची होडी जोरात असताना एकदम थांबवू नये. होडी थांबते, पण तिच्या मागची लाट थांबत नाही. ती येऊन मागच्या बाजूने आत शिरते. वेग हळूहळू कमी करावा.

उथळ खाडीत

वर सांगितलेले गणित खोल पाण्याचे आहे. ओहोटीच्या खाडीत गोष्ट बदलते. पाणी उथळ असले की लाटेला तळ लागतो आणि तिच्या वेगाला मर्यादा पडते. अडीच मीटर पाण्यात लाट ताशी सुमारे १८ किलोमीटरपेक्षा जोरात पळू शकत नाही. बोट त्याच वेगाला आली की लाट तिला सोडून पुढे जात नाही. पाणी साठत जाते, बाण पसरट होतो आणि लाट दांडगी होते. म्हणून भरतीला जो वेग चालतो, तो ओहोटीला चालेल असे धरू नये.

अरुंद खाडीत मोठे जहाज किंवा भरलेला बार्ज आला तर आणखी एक गोष्ट घडते. त्याच्या अंगाजवळचे पाणी खाली बसते. काठावरचे पाणी आधी मागे ओढले जाते आणि मग परत येते. काठाला कालवे काढणाऱ्या, जाळी धुणाऱ्या भगिनींनी हे ध्यानात ठेवावे. पाणी एकाएकी मागे सरले आणि खाडीत मोठे धूड दिसले, तर दोन पावले पुढे जाऊ नये. वर यावे.

बांध आणि तिवरे

पेण-अलिबागकडच्या खारभूमीत पुष्कळ गावांची शेती बांधाच्या आधाराने आहे. बांधाला खांड पडली की खारे पाणी शेतात येते आणि भात जाते. मोठी खांड पडते ती बहुधा उधाणाने. पण बोटींच्या लाटा उघड्या चिखलाच्या काठाला थोडे थोडे खातात. पावसाळ्यातल्या उधाणाला मग अर्धे काम झालेलेच मिळते.

काठाला तिवरे असली तर लाट त्यांच्या मुळांत शिरते, अडखळते आणि तिचे बळ तेथेच मुरते. म्हणून सरपणासाठी तिवर तोडणे म्हणजे आपल्याच बांधाचा पहारेकरी काढून घेणे होय.

काय करावे?

होडीत बसणाऱ्याने:

१. मोठी बोट गेली की तिच्याकडे नव्हे, तिच्या मागाकडे बघावे.
२. लाट येईपर्यंत खाली बसून राहावे. पोरांना मध्ये घ्यावे. काठावर हात ठेवू नये.
३. सर्वांनी एका बाजूला धावू नये. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला येणारी रामदास बोट बुडाली आणि सहाशेहून जास्त माणसे गेली. ती लाट पावसाळ्यातल्या समुद्राची होती, बोटीची नव्हती. पण तडाखा बसल्यावर घाबरलेली माणसे एका बाजूला धावली आणि बोट कलंडली, असे सांगतात. लाट कोणतीही असो, तोल राखणे आपल्या हातात आहे.

होडी चालवणाऱ्याने:

१. लाट कुशीवर घेऊ नये. वेग कमी करून नाळ लाटेकडे, किंचित तिरपी ठेवावी.
२. एक लाट गेली म्हणून लगेच वळू नये. लाटांचा घोळका असतो. सगळा जाऊ द्यावा.

मोठी बोट चालवणाऱ्याने:

१. लहान होडी, धक्का, जाळी किंवा काठावरची माणसे दिसताच वेळेवर वेग कमी करावा.
२. पुढे गेल्यावर एकदा मागे वळून बघावे. समुद्रावरच्या १९७२ सालच्या आंतरराष्ट्रीय नियमांतही प्रत्येक बोटीने सुरक्षित वेगाने चालावे, असे सांगितले आहे.

त्या दिवशी आमच्या बाजूने गेलेल्या बोटीवरच्या माणसांना आमची होडी कलली हे बहुधा कळलेही नसेल. त्यांच्या मनात वाईट काही नव्हते. त्यांनी मागे बघितले नाही, एवढेच. पुढे आमच्या रात्रीच्या वर्गात लाँचवर काम करणारी तीन-चार तरुण मंडळी येत. त्यांना आम्ही अक्षरांच्या आधी ही गोष्ट सांगितली.

करून बघा

१. परातीत पाणी घ्या आणि ते निवळू द्या. एक काडी पाण्यात उभी धरून अगदी हळू ओढा. लाट उठणार नाही. मग वेग वाढवत जा. सेकंदाला सुमारे एक वीत, म्हणजे २३ सेंटिमीटर, एवढा वेग झाला की काडीभोवती बारीक लाटा दिसू लागतील. त्याहून कमी वेगाला पाणी लाट उठवत नाही.
२. धक्क्यावर उभे राहा. बोट समोरून गेली की एक, दोन, तीन असे सेकंद मोजा. लाट धक्क्याला केव्हा लागली ते वहीत लिहा.

उत्तरे लिहा

१. लाटेबरोबर नारळ किनाऱ्याला का जात नाही?
२. बोटीच्या मागात कोणत्या दोन जातींच्या लाटा असतात?
३. एक लाँच सेकंदाला ५ मीटर वेगाने तुमच्यापासून ३०० मीटरांवरून गेली. तिची लाट साधारण किती वेळाने येईल?
४. मावशीने विचारलेला प्रश्न तुमच्या शब्दांत लिहा, आणि त्याचे उत्तर घरातल्या एका माणसाला समजावून सांगा.